न्यायाचा तास आणि जसिंताचा डबा

"मोसा, मिस, मोसा!"

ही आरोळी मी नोकरीची सगळी वर्षं रोज ऐकली. मोसा म्हणजे कानडीत लबाडी, फसवणूक. रांगेत कुणी मध्ये घुसलं, मोसा. खडूचा मोठा तुकडा शेजारणीला मिळाला, मोसा. मिसनं तिसरीच्या वर्गाला मैदानावर जास्त वेळ खेळू दिलं, तर मग महामोसा. म्हैसूरच्या कुठल्याही प्राथमिक शाळेच्या भिंतीला कान लावा, हाच शब्द ऐकू येईल.

त्यामुळे आमच्या शाळेत 'जागतिक नागरिकत्व आणि सामाजिक न्याय' असा नवा विषय सुरू करायचा हुकूम वरून आला, तेव्हा बाकीच्या शिक्षिकांनी कपाळाला हात लावला आणि मी मनात म्हटलं, अय्यो, ह्यात नवीन ते काय? मोसा हा शब्द ज्याला येतो त्याला निम्मा विषय येतोच की. उरलेला निम्मा एवढाच, की मोसा दुसऱ्याच्या बाबतीत झाला तरी ओरडायचं. तो निम्मा शिकवताना मात्र मला घाम फुटला.

आधी माझी ओळख सांगते. आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. घरी शिंपीकाम, देवघरात विठोबा, गळ्यात तुळशीची माळ, आणि बोलणं असं की वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपतं. माझी सून सोलापूरची, ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा आमचं घरातलं भांडण ऐकून तिला हसू आवरेना. तेव्हा लिहिताना मध्येच कानडी आलं तर सांभाळून घ्या. शाळा ख्रिस्ती, मिशनची, प्राथमिक. मी तिथं कशी, असं लोक अजून विचारतात. मुलाखतीत तेव्हाच्या सिस्टरनी विचारलं होतं, "आमच्या प्रार्थनेला उभ्या राहाल ना?" मी म्हटलं, "राहीन. एकादशीला मला साबुदाणा खाऊ द्याल ना?" त्या हसल्या आणि मी लागले.

ह्या नव्या विषयाला पुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती, मार्क नव्हते. एक हस्तपुस्तिका होती, तिच्या मुखपृष्ठावर पृथ्वीभोवती हात धरून उभी असलेली मुलं. बंगळूरला प्रशिक्षण झालं. तिथं एक बाई 'समता' आणि 'न्याय' ह्यांतला फरक पडद्यावर बाण काढून समजावत होत्या, आणि मला सारखी जांभई येत होती. मुलांना बाण कळत नाहीत हो. मी घरी येऊन भावाला म्हटलं, माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांची मापं घे, सरासरी काढ आणि त्या मापाचा एकच सदरा शिव. भाऊ म्हणाला, "अक्का, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" पण शिवला. मग तो सदरा मी चौथीच्या वर्गात फिरवला. सगळ्यांना एकच सदरा, बघा बरं, किती समान! लठ्ठ मुलाच्या अंगावर बटण तुटलं, बुटकीच्या गुडघ्यापर्यंत आला. आणि मग आलीच आरोळी: मोसा! समता म्हणजे काय आणि न्याय म्हणजे काय, हे त्यानंतर मला शिकवावं लागलं नाही. तो तुटक्या बटणाचा सदरा मग दरवर्षी चालला.

दुसरं साधन चिंध्यांचा चेंडू. भावाच्या शिलाईच्या दुकानातली कापडाची कात्रणं गुंडाळून वर दोरा शिवलेला. न्यायाच्या तासाला आम्ही जमिनीवर गोल बसायचो. ज्याच्या हातात चेंडू तोच बोलणार, बाकीच्यांनी तोंडावर बोट. मिसच्या हातात चेंडू नसेल तर मिसनंही गप्प बसायचं. हा नियम पाळताना मुलांपेक्षा माझाच जीव जास्त कासावीस व्हायचा.

पालकांचं काय सांगू! एक बाबा दर मीटिंगला येऊन विचारायचे, "ह्या विषयाला मार्क किती?" मी म्हणायची, शून्य. "मग मुलगा त्यात हुशार आहे हे आम्हांला कसं कळणार?" म्हटलं, घरी कळेल, थांबा. आणि खरंच, थोड्याच दिवसांत त्यांच्या घरून फोन आला. मुलानं विचारलं होतं की आपल्या कामवाल्या अक्कांचा पेला वेगळा खिडकीत का ठेवलेला असतो. मुलाची आई तापली होती. "मिस, तुम्ही शाळेत शिकवता तरी काय?" मी म्हटलं, तुमच्या यजमानांना सांगा, मुलगा हुशार आहे.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. आणि मग जसिंताचं झालं.

जसिंता चौथीत होती. बारीक चणीची, दोन वेण्या, हस्ताक्षर असं की फळ्यावर तिलाच लिहायला लावायची मी. तिची आई आरोग्यम्मा आमच्याच शाळेत आया. झाडलोट, बाथरूम, लहान मुलांचे नळाखाली हातपाय धुणं, सगळं तिच्याकडे. नवरा नव्हता. माहेर टी. नरसीपूरकडचं, नदीकाठचं. मुलीची फी शाळेनं माफ केली होती, आणि मुलगी इथंच शिकून पुढे मिस व्हावी एवढी एकच गोष्ट आरोग्यम्माच्या डोक्यात होती. जसिंता वर्गात आली की आरोग्यम्मा त्या मजल्यावर शक्यतो फिरकायची नाही. आपल्या हातातला झाडू मुलीच्या मैत्रिणींना दिसू नये म्हणून. सगळ्यांना ठाऊकच होतं, तरी.

हस्तपुस्तिकेत एक पाठ होता, 'जगाचा डबा'. पाठ मोठा गोड. आपल्या डब्यातली मिरची, बटाटा, टोमॅटो समुद्रापलीकडून आले, तेव्हा जेवताना आपण रोज जगाशी जोडलेले असतो, वगैरे. शेवटी म्हटलं होतं, मुलांना आजीच्या घरचा पदार्थ आणायला सांगा. मी सांगितलं. मुलांनी काय काय आणलं! पुळीओगरे, होळिगे, केरळच्या मुलीनं पुट्टू. एरवी जसिंता सगळ्यांसारखा लिंबाचा चित्रान्न भात आणायची. त्या दिवशी तिनं डबा उघडला आणि आमच्या जेवायच्या सगळ्या शेडमध्ये वास सुटला. नाचणीची रोटी आणि ओणमीनु, म्हणजे सुक्या मासळीची चटणी. आजीनं नरसीपूरहून खास पाठवलेली.

"थू! काय हे!" करून निखिल ताडकन उठला. हा निखिल तिच्या शेजारी बसणारा, वर्गातला बडबड्या. तो उठला म्हणून त्याच्या पलीकडची उठली, ती उठली म्हणून तिसरा. बघता बघता जसिंताच्या दोन्ही बाजूंची चटई रिकामी. कुणी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त सगळे उठून गेले. तिनं डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

खरं सांगते, मलाही मळमळलं होतं. जन्मात घरात मासा शिजलेला नाही, नाकाला काय कळतं न्याय नि अन्याय? पण ती रिकामी चटई मला बघवेना. मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "जेव गं." ती म्हणाली, "भूक नाही मिस."

दुसऱ्या दिवशीही भूक नव्हती. तिसऱ्या दिवशीही. आता डब्यात चित्रान्न होता, तरी ती झाकण उघडेना. सगळे जेवायचे आणि ही बंद डबा पुढे घेऊन बसायची, घंटा झाली की तसाच दप्तरात. मी समजावलं, रागावले, लाडीगोडी लावली. मुलं आता जवळ बसायला तयार होती, तरी हिचं आपलं "भूक नाही मिस." शेवटी एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभ्या उभ्या कोसळली. आरोग्यम्मा झाडू टाकून धावत आली. सगळ्या शाळेदेखत मुलीला उचलून नेलं तिनं.

दुपारी ती माझ्याकडे आली. डोळे लाल. "होगली बिडी मिस," म्हणाली. म्हणजे जाऊ द्या, सोडून द्या. "तिला मी नरसीपूरला आईकडे ठेवते. तिथं सरकारी शाळा आहे. सगळी आमच्यासारखीच. निदान जेवेल तरी."

"आणि मिस व्हायचं ते?"

"आधी जगू दे की हो."

महिनाअखेरीला दाखला काढायचा असं तिनं ठरवलंही होतं.

तेवढ्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेटलं. शाकाहारी मुलांना मासे खाणाऱ्यांबरोबर बसवतात, शेडमध्ये दोन वेगळ्या रांगा करा, नाहीतर आम्ही सगळे मिळून सिस्टरना भेटतो. पुढे होती निखिलची आई. आमच्या सिस्टर फिलोमिना, हेडमिस्ट्रेस, तशा धीराच्या. पण त्या वर्षी जवळच एक मोठी थंडगार खोल्यांची शाळा निघाली होती आणि आमच्याकडची मुलं तिकडे चालली होती. सिस्टर मला म्हणाल्या, "सुनंदा मिस, मी बिशपांशी भांडू शकते. व्हॉट्सअॅप ग्रुपशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नाही."

"म्हणजे दोन रांगा करणार?"

"थोडे दिवस. वातावरण निवळेपर्यंत."

"सिस्टर, एकदा ओढलेली रांग निवळत नसते."

त्या म्हणाल्या, "शनिवारी पालक येतील. तोवर तुमच्या त्या न्यायाच्या तासाला काही होतंय का बघा."

त्याच दिवशी निखिलची आई मला फाटकाशी गाठून भेटली. बाई वाईट नव्हे. मुलाचा डबा असा भरायची की बघत राहावं. आवाज खाली आणून म्हणाली, "मिस, तुम्ही तरी सांगा ना सिस्टरना. तुम्ही आपल्यातल्या. गळ्यात माळ आहे तुमच्या."

ऐकलं आणि माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. म्हटलं, "ही माळ मी काय खायचं ते मला सांगते. दुसऱ्यानं काय खायचं आणि कुठं बसायचं, हे तिनं मला कधी सांगितलेलं नाही."

बाईचा चेहरा पडला. रागानं नव्हे, भीतीनं. "तुम्हांला बोलायला सोपं आहे, मिस. घरी सासूबाई आहेत. निखिलनं घरात 'मासे' हा शब्द काढला, तर त्या त्याला आंघोळ घालतात आणि माझ्याशी चार दिवस बोलत नाहीत." माझा राग तिथंच निवला. सुनेचे हाल मी काही पुस्तकात वाचलेले नाहीत.

शुक्रवारी न्यायाचा तास. गोल बसलो. जसिंता आली होती, भिंतीला टेकून, चेहरा उतरलेला. मी चेंडू हातात घेतला. म्हटलं, आज प्रत्येकानं खरं सांगायचं, मला कशाचा वास सहन होत नाही. सुरुवात माझ्यापासून.

"मला ओणमीनाचा वास सहन होत नाही," मी म्हटलं.

जसिंतानं मान खाली घातली. मनात आलं, हे भलतंच तर नाही ना करून बसले मी. पण पुढचं बोललेच. "मला मळमळतं. पण नाक माझं आहे. ते कसं सांभाळायचं हे मी बघायचं, डबेवालीनं नव्हे."

चेंडू पुढे गेला. उकडलेलं अंडं. फणस, मिस, फणस! बाबांचे मोजे. आजीचं गुडघ्याला लावायचं तेल. चर्चमधला धूप, असं एक ख्रिस्ती पोर हळूच म्हणालं आणि दाराबाहेर सिस्टर नाहीत ना बघून घेतलं. बाळाचं दूध. केरळच्या मुलीनं निखिलकडे बोट दाखवून सांगितलं, "ह्याच्या साराचा हिंग. मला डोकं दुखतं." निखिल उसळला, "मोसा! आमच्या साराला वास येत नाही!" सगळा वर्ग ओरडला, येतो! चेंडू नव्हता तरी ओरडला. निखिल आपल्या रिकाम्या हातांचा वास घेऊन बघायला लागला. आपल्यालाही वास येतो ही बातमी त्याला त्या दिवशी कळली, आणि ती त्याला पचेना.

चेंडू जसिंताकडे आला. तिनं तो मांडीवर धरून ठेवला. मी मनात विठोबाला म्हटलं, बाबा रे, एक शब्द तरी निघू दे हिच्या तोंडातून.

"मिस," ती म्हणाली, "तुमचं ताक."

"माझं ताक?"

"हिंग, कढीपत्ता घातलेलं. तुम्ही बाटली उघडली की मला ओकारी येते. पहिलीपासून."

ते ताक मी नोकरीला लागल्यापासून रोज दुपारी ह्या पोरांच्या मधोमध बसून प्यालेली, आणि वर ओठ पुसून 'आहाहा' केलेलं! मला जे हसू फुटलं ते आवरेचना. मग वर्ग हसला. मग जसिंता. तिचं हसू मी कितीतरी दिवसांनी बघत होते. पण चेंडू तिच्याच हातात होता आणि तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"मग उद्यापासून तुम्ही कुठं बसणार, मिस?"

भांडणासाठी विचारलं नव्हतं तिनं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्याच्या डब्याला वास येतो तो एकटा बसतो, हे ती नुकतीच शिकली होती. उत्तर द्यायला माझ्या हातात चेंडू नव्हता.

"इथंच," निखिल म्हणाला. त्याच्याही हातात चेंडू नव्हता. "मिस इथंच बसणार. कुठं जाणार त्या?"

त्या दुपारी जसिंतानं झाकण उघडलं. चित्रान्न होता. सगळा संपवला. मी शेडच्या बाहेर येऊन आरोग्यम्माला शोधत गेले, ती बाथरूमच्या दाराशी बादली भरत होती. "जेवली," म्हटलं. तिनं बादली तशीच ठेवली आणि पदरात तोंड लपवून रडली. दाखल्याचं मात्र काही बोलली नाही.

शनिवारच्या मीटिंगमध्ये सिस्टरनी मला बोलूच दिलं नाही. माझा स्वभाव त्यांना ठाऊक. स्वतः उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दोन रांगा होणार नाहीत. ज्यांना चालत नसेल त्यांनी मुलांना जेवायला घरी न्यावं, आम्ही फाटक उघडू." एवढंच. आवाजही चढवला नाही. दोन मुलं त्या वर्षी शाळा सोडून गेली, हेही लिहायला हवं. सिस्टरना वरून विचारणा झाली. न्याय फुकट मिळत नाही हे हस्तपुस्तिकेत कुठं लिहिलेलं नव्हतं.

निखिलची आई त्यानंतर रोज दुपारी स्कूटरवरून गरम डबा घेऊन यायची आणि फाटकाबाहेर झाडाखाली त्याला भरवायची. आत पोरं खिदळताहेत, आणि हा बाहेर स्कूटरच्या सीटवर बसून सारभात गिळतोय. मान सारखी फाटकाकडे. थोडे दिवस चाललं. मग एका दुपारी पोरगा तिच्या हातातून डबा घेऊन सरळ आत पळाला. ती हाका मारत राहिली. मी फाटकाशी गेले तर म्हणाली, "सासूबाईंना कळवू नका हं, मिस." म्हटलं, मी कशाला कळवू? मला तर दिसलंच नाही.

आरोग्यम्मानं दाखला मागितला नाही. पण डब्यात रोज चित्रान्नच. मी एकदा म्हटलं, ओणमीनु का नाही देत? "नको मिस. जेवतेय ना? पुरे." ते मला लागलं. पोर जेवत होती, पण सगळ्यांसारखं जेवायचं ह्या अटीवर. ह्याला मी जिंकले म्हणायचं का? त्या प्रश्नानं मी पुष्कळ दिवस धुमसत होते. पण आईच्या भीतीपुढे मिसचं ज्ञान किती चालणार?

मग वर्ष संपत आलं. परीक्षेच्या आधीचे दिवस, उन्हाळा लागलेला. मी शेडच्या टोकाला वह्या घेऊन बसले होते आणि तो वास आला. नाकानं लगेच ओळखला. मान वर केली. जसिंताच्या पुढ्यात डबा उघडा. आजी येऊन राहिली होती म्हणे, तिनं भरून दिला होता, आईला न विचारता. आणि मी बघितलं ते दोन्ही बाजूंच्या चटईकडे.

चटई भरलेली होती. इकडे केरळची मुलगी, तिकडे निखिल. निखिलनं डाव्या हातानं नाक घट्ट दाबून धरलं होतं आणि उजव्या हातानं तो दहीभात खात होता. तशा नाक दाबलेल्या आवाजात तो जसिंताला क्रिकेटचं काहीतरी तावातावानं सांगत होता, आणि जसिंता रोटीचा तुकडा मोडत त्याला 'खोटं, खोटं' म्हणत होती.

आरोग्यम्मा दारात आलेली मला कळलंच नाही. तिलाही वास आला असणार. झाडू हातात तसाच. आता ही बघणार, की आपल्या मुलीच्या शेजारचा मुलगा नाक धरून बसलाय, आणि उद्या दाखला. मी उठले, निखिलला हाक मारणार, अरे हात काढ म्हणून.

आरोग्यम्मानं माझा दंड धरला.

"बसलाय ना मिस?" ती म्हणाली. "मग धरू दे नाक."